अंगणात बसवलेली होडी

“बाई, तुम्ही सुट्टीत काय केलंत?”

दर जूनमध्ये शाळा उघडली की मी मुलांना निबंध घालते, ‘मी सुट्टीत काय केले’. २०२५ च्या जूनमध्ये मात्र वर्गानं डाव माझ्यावरच उलटवला. मागच्या बाकावरून हा प्रश्न आला आणि सगळी मुलं “हो हो, बाई सांगा ना!” म्हणून मागे लागली.

मी म्हटलं, “मी सुट्टीत एक होडी जमिनीत पुरली.”

सगळा वर्ग खो खो हसला. पण मुलांनो, मी थट्टा करत नव्हते बरं का! ती हकीकत आज तुम्हालाही सांगते. तुमच्या आईबाबांनाही वाचून दाखवा, कारण तिच्यात त्यांच्याही उपयोगाचं बरंच काही आहे.

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. घरापासून समुद्र जवळ, मागे आंब्या-काजूची बाग. माझा दादा आणि वहिनी तिथं राहतात. घराच्या दोन खोल्या ते उन्हाळ्यात आणि दिवाळीत पर्यटकांना राहायला देतात. वहिनीच्या हातची सोलकढी आणि उकडीचे मोदक खाऊन गेलेला पाहुणा पुन्हा येतोच. पण येणारी मुलं हमखास विचारायची, “पोहायला तळं नाही का?” समुद्र आहे, पण पावसाळ्यात त्यात उतरणं धोक्याचं. म्हणून दादानं ठरवलं, अंगणाच्या कडेला पोहण्याचा छोटा हौद करायचा. वाडीतली मुलंही त्यात पोहायला शिकतील.

हा हौद सिमेंटचा नव्हता. फायबरग्लासचा, म्हणजे कारखान्यातच अखंड तयार होऊन ट्रकवरून येणारा. वरून सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद. भिंती थोड्या कलत्या, म्हणून तळ पाच मीटर बाय अडीच मीटर. खोली सव्वा मीटरला थोडी कमी. खड्डा खणायचा, हौद आत ठेवायचा, बाजूची पोकळी भरायची आणि वर पाणी. ऐकायला किती सोपं, नाही?

कंत्राटदार गेला तो गेलाच

एप्रिलमध्ये कंत्राटदारानं काम सुरू केलं. यंत्रानं खड्डा खणला. हौद आणून खड्ड्यात ठेवला. दोन-चार पाइप लावले. ठरलेल्या रकमेतले पाऊण पैसे घेतले आणि “चार दिवसांत येतो” म्हणून गेला. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. फोन लागेना. लागला तर उचलेना. मग तो बंदच झाला.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी लेकीला घेऊन माहेरी पोचले, तेव्हा दादा ओटीवर डोक्याला हात लावून बसला होता. अंगणात एक भलामोठा खड्डा आणि त्यात आकाशाकडे तोंड वासून बसलेला निळा हौद. वहिनी म्हणाली, “वन्सं, हे बघा आमचं तळं! यात सध्या फक्त शेजाऱ्यांची मांजर उतरते.”

दादा रागानं नुसता धुमसत होता. त्याचं म्हणणं, “पावसाळा होऊन जाऊ दे. दिवाळीनंतर दुसरा माणूस बघू. हौद काय पळून जातोय?”

तेवढ्यात हर्णैहून होडीवाले काका आले. दादाची आणि त्यांची जुनी ओळख. हर्णै बंदरात मासेमारीच्या कितीतरी होड्या आता फायबरच्या असतात, आणि त्यांना तडा गेला, भोक पडलं की काका दुरुस्त करतात. दादानं त्यांना हौदाच्या कडेला गेलेली हातभर तड दाखवायला बोलावलं होतं.

काकांनी तड पाहिली. मग खड्ड्याभोवती एक फेरी मारली. बुडाखाली वाकून पाहिलं. आणि म्हणाले, “भाऊ, तड ऱ्हाऊ दे. ह्ये असंच पावसात ठेवणार काय?”

“हो. का?”

“अवो, ह्यो हौद नाय. ही होडी हाय! खाली पानी आलं की तरंगनार.”

दोन बोटं पाणी

मी शिक्षिका. चौथी-पाचवीला विज्ञान शिकवते. तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली. काकांचं बोलणं अगदी खरं होतं.

बघा हं. होडी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. हौद आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. पण वस्तू एकच! वरून उघडी आणि बाकी सगळीकडून बंद. तिच्याभोवती पाणी आलं की ते तिला वर उचलणारच.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिली बेटावर आर्किमिडीज नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्यानं सांगितलं की, वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोरानं पाणी तिला वर ढकलतं. म्हणूनच विहिरीतली भरलेली कळशी पाण्याच्या आत असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की हाताला रग लागते.

आता घ्या वही आणि करा गणित. माझ्या भाच्यानं (तो तेव्हा आठवीत जाणार होता) तिथंच खडूनं ओटीवर केलं.

हौदाचा तळ ५ मीटर × २.५ मीटर = १२.५ चौरस मीटर.
रिकाम्या हौदाचं वजन सुमारे ५०० किलो.
१ घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो. म्हणजे ५०० किलो पाणी = अर्धा घनमीटर.
०.५ ÷ १२.५ = ०.०४ मीटर. म्हणजे ४ सेंटिमीटर!

बुडाखालून फक्त ४ सेंटिमीटर पाणी वर चढलं, अडवायला बाजूनं काही नसलं, की अर्ध्या टनाचा हौद उचलला जाणार. चार सेंटिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटं!

आणि आमच्याकडे पाऊस किती पडतो? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. खड्डा जांभ्यात खणलेला. जांभा दगड सच्छिद्र, त्यातून पाणी पाझरत येणार आणि खड्डा बादलीसारखा भरणार. हौद वर येणार, वाकडा होणार, पाइप मोडणार, कदाचित हौदच तडकणार. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर दिवाळीला दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नसतं.

दादाचा राग त्या गणितापुढे कुठल्या कुठे पळाला. तो उठला आणि म्हणाला, “पाऊस यायला महिना आहे. करू या आपणच!”

वहीत तीन रकाने

पण ‘आपणच करू’ म्हणजे वाट्टेल तसं नव्हे. वहिनीनं हिशेबाची वही काढली आणि एका पानावर तीन रकाने आखले. ‘झालेलं’, ‘तपासायचं’ आणि ‘राहिलेलं’.

दादा म्हणाला, “खड्डा झाला, हौद ठेवून झाला, पाइप झाले.”

वहिनीनं ते सगळं पहिल्या रकान्यात न लिहिता दुसऱ्या रकान्यात लिहिलं. म्हणाली, “जो माणूस काम टाकून गेला, त्यानं केलेलं तरी नीट केलं असेल कशावरून? आधी बघू, मग टिक करू.”

मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुसऱ्याचं अर्धं गणित पुढे सोडवायचं असेल तर आपण काय करतो? आधीच्या पायऱ्या तपासतो. तिथं चूक असली तर आपण पुढे कितीही बरोबर केलं तरी उत्तर चुकतंच.

पहिली तपासणी पातळीची. गवंडीदादांनी पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं. एक टोक हौदाच्या एका कोपऱ्यावर माझ्या लेकीनं धरलं, दुसरं टोक समोरच्या कोपऱ्यावर भाच्यानं. नळी कशीही वेडीवाकडी असो, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला राहतं. खोटं बोलणं पाण्याला जमतच नाही! चारही कोपरे मोजले आणि कळलं की समुद्राकडची बाजू ४ सेंटिमीटरनं खाली आहे. हौद भरल्यावर एका बाजूला पाणी काठाशी आणि दुसरीकडे वीतभर कोरडी भिंत नसली, तरी चार बोटांपैकी दोन बोटं नक्कीच कोरडी दिसली असती. पण खरी चूक वेगळीच होती. बुडाखाली बारीक खडीचा सपाट थर हवा, तिथं खड्ड्याचीच भुसभुशीत माती होती आणि एक टोकदार दगड. काठाच्या त्या तडेचं मूळही तेच असावं, असं काकांचं मत पडलं. एका जागी टेकलेल्या हौदाला पीळ बसला होता.

दुसरी तपासणी पाइपांची. प्लंबरनं टोकं बंद करून पाइपांत दाबानं पाणी भरलं. दोन सांध्यांतून कारंजं उडालं! ते सांधे चिकटवलेलेच नव्हते, नुसते कोरडे ढकलून ठेवले होते. हे पाइप आम्ही तसेच खडीखाली गाडले असते तर? गळती शोधायला पुढे सगळं उकरावं लागलं असतं.

दादाचा चेहरा पुन्हा उतरला. हौद परत उचलायचा म्हणजे हायड्रा क्रेन बोलवायची, तिचं भाडं द्यायचं. पण गवंडीदादा म्हणाले, “आज उचलला तर दोन तासांचं काम. खडी भरल्यावर कुणालाच उचलता येणार नाही.” दादानं मुकाट्यानं फोन लावला.

काचेची होडी

क्रेन आली त्या दिवशी आम्ही सगळी मुलं ओटीवर बसवून ठेवली. उचललेल्या वस्तूखाली आणि तिच्या आसपास कुणीही जायचं नाही, हा नियम. चार रुंद पट्ट्यांत अडकवून हौद अलगद वर आला आणि अंगणात ओंडक्यांवर विसावला. आता काकांना त्याच्या पोटाशी काम करता येणार होतं.

फायबरग्लास म्हणजे काय माहीत आहे का? नावातच काच आहे. काच वितळवून बारीक भोकांतून ओढली की तिचे केसाहूनही बारीक धागे होतात. काचेचा पेला खाली पडला की फुटतो, पण हे धागे वाकतात आणि ओढायला मोठे चिवट असतात. त्यांची चटई करून ती रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवायची. रेझिनमध्ये ते घट्ट करणारं दुसरं द्रव्य मिसळलं की ते तापतं आणि कडक होतं. धागे देतात बळ, रेझिन देतं आकार. आपल्या जुन्या घरांच्या भिंती लिंपताना मातीत भाताचं तूस किंवा गवताच्या काड्या मिसळत, तशीच ही युक्ती. १९५३ साली अमेरिकेत एका मोटारीचं सगळं बाह्यांग फायबरग्लासचं केलं होतं. तिचं नाव कॉर्व्हेट.

काकांनी तडेच्या दोन्ही बाजू घासून उतरत्या केल्या. नुसती वरून पट्टी चिकटवली असती तर ती सुटून आली असती. मग बाहेरून चटईचे तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाणं फार वाईट. म्हणून काकांच्या तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांना चष्मा, आणि मुलं लांब. भाच्यानं लांबूनच विचारलं, “काका, आता गळणार नाही ना?” काका म्हणाले, “अरे, माझ्या होड्या समुद्रात जातात. त्यांत मानसं असतात.” एवढंच. त्याहून मोठी हमी कोण देणार?

इकडे गवंडीदादांनी माती काढून बारीक खडीचा थर टाकला. दोन बाजूंना सरळ पाइप ठेवून त्यांवरून फळी ओढत तो ओटीसारखा सपाट केला. एका कोपऱ्यात भोकं पाडलेला एक जाड उभा पाइप बसवला. तळापासून वरपर्यंत. याला आम्ही ‘डोकावणी’ नाव ठेवलं. त्यात काठी सोडली की खड्ड्यात किती पाणी साठलंय ते कळणार, आणि जास्त झालं तर उपसता येणार.

हौद पुन्हा खाली बसला. नळी लावली. चारही कोपरे एका रेषेत! त्या वेळी पहिल्या रकान्यात पहिली टिक पडली.

आधी पाणी, मग खडी

आता बाजूची पोकळी भरायची. इथं सगळ्यात मोठी अडचण उभी राहिली.

पोकळीत नुसती खडी ओतली तर ती भिंतीला आत ढकलते. नुसतं पाणी भरलं तर ते भिंतीला बाहेर ढकलतं. म्हणून दोन्ही बरोबरीनं वर न्यायचं, म्हणजे दोघांचा जोर एकमेकांना तोलून धरतो. खडी किती लागेल ते लेकीनं काढलं. परीघ १८ मीटर, पोकळी सरासरी ०.४ मीटर, उंची १.२ मीटर. गुणाकार केला तर साडेआठ घनमीटरच्या थोडं वर. खडी मोजायचं माप ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. झाली तीन ब्रास.

खडी मिळाली. पण पाणी?

मे महिना. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण तो उतारावरून समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. आमच्या विहिरीवर शेजारची तीन घरं पाणी भरतात. सगळा हौद भरायला सुमारे १८,००० लिटर पाणी लागणार! वहिनी ठामपणे म्हणाली, “लोकांच्या प्यायच्या पाण्यानं मी तळं भरणार नाही. मग हौद तरंगला तरी चालेल.”

त्या रात्री जेवताना कुणी फार बोललं नाही. वहिनीचंही बरोबर आणि काकांचंही बरोबर. मग भाच्यानंच विचारलं, “आत्या, सगळा भरायलाच हवा का? हौद दाबून धरायला पुरेल एवढाच भरला तर?”

आम्ही शेजारच्या घरी जाऊन बोललो. ठरलं असं, की सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचं पाणी भरून झालं की मग रात्री फक्त ७५० लिटर घ्यायचं. मुलांनी दोरीला वीतवीतभर गाठी मारल्या. रोज सकाळी ती दोरी विहिरीत सोडून पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. ठरावीक गाठीच्या खाली पाणी गेलं की त्या दिवशी हौदाला सुट्टी.

पाणी भरण्याआधी वहिनीनं आणखी एक काम करून घेतलं. हौदाभोवती साडेचार फुटांचं बांबूचं कुंपण आणि आतून न उघडणारी, उंचावर कडी असलेली फाटकी. “अजून तर गुडघाभरही पाणी नाही,” दादा म्हणाला. पण मुलांनो, लहान मूल बुडायला गुडघाभर पाणीही पुरतं, आणि बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडतही नाही. पाण्याच्या आधी कुंपण, हे अगदी बरोबर.

मग रोजचा क्रम सुरू झाला. हौदाच्या आत २०-२० सेंटिमीटरवर खुणा, बाहेर काठीवर तशाच खुणा. ‘आधी पाणी, मग खडी’ हा मुलांचा मंत्र. पाणी थोडं पुढे, मागून घमेल्यांनी खडी. खडी चहूबाजूंनी सारखी पडायला हवी, एका बाजूला ढीग नको. दहा दिवसांत ७,५०० लिटर पाणी झालं. आत आणि बाहेर, दोन्हीकडे सुमारे ६० सेंटिमीटर. निम्मं काम!

“आता घाई नाही,” दादा म्हणाला. “पाऊस यायला अजून पंधरा दिवस आहेत.”

पावसानं कॅलेंडर पाहिलं नाही

त्या वर्षी काय झालं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोसमी पाऊस एरवी १ जूनच्या सुमारास केरळात येतो आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत. २०२५ मध्ये तो २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला! त्याच्याही आधी, २० मेच्या सुमारास, कोकणात जोराचा पाऊस सुरू झाला. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि २४ मेला ते रत्नागिरीजवळच किनाऱ्यावर आलं.

आमच्याकडे वीज गेली. वारा असा की माडांच्या झावळ्या अंगणात येऊन पडत होत्या. बॅटरीच्या उजेडात भाच्यानं ‘डोकावणी’त काठी सोडली आणि बाहेर काढली. ओली खूण ३५ सेंटिमीटरवर होती.

पुन्हा गणित! १२.५ × ०.३५ = ४.३७५ घनमीटर. म्हणजे खालून जवळजवळ ४,४०० किलोंचा जोर हौदाला वर ढकलत होता. हौद रिकामा असता तर त्याचं वजन पाचशे किलो. खेळ खलास! पण आत ७,५०० लिटर पाणी होतं. एकूण ८,००० किलो. हौद जागचा हलला नव्हता.

“आणि पाणी वाढलं तर?” लेकीनं विचारलं. हिशेब सांगत होता की बाहेर ६४ सेंटिमीटरला पाणी पोचलं की तराजू सारखा होणार. वीज नाही, म्हणजे उपसायला मोटर नाही.

आता काय करायचं? उत्तर आमच्या डोक्यावर धो धो वाजत होतं. छपराचं पाणी! घराच्या छपराला पन्हळ आहे आणि तिचा पाइप अंगणात सुटतो. दादा भिजत बाहेर गेला, पाइपाला जोड लावला आणि त्याचं तोंड हौदात सोडलं. छप्पर १२० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे ३१ मिलिमीटर पावसात ३,७२० लिटर. जो पाऊस हौदाला खालून उचलू पाहत होता, तोच आता त्याला वरून दाबून धरू लागला!

९० सेंटिमीटरच्या खुणेला पाणी आलं तेव्हा पाइप पुन्हा बाहेर काढला, कारण बाहेर खडी ६०वरच होती आणि पाण्याला त्याहून फार पुढे जाऊ देणं भिंतींना सोसलं नसतं. पहाटे ‘डोकावणी’ची खूण ४१ वर थांबली होती. दादानं ओटीवर येऊन टॉवेलनं डोकं पुसलं. म्हणाला, “दिवाळीपर्यंत थांबणार होतो मी!”

विहिरीतून त्यानंतर एक थेंबही घेतला नाही. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा उरलेली खडी भरली, मागोमाग छपराचं पाणी सोडलं. काठाभोवती कॉंक्रीटचा पट्टा गवंडीदादांनी ताडपत्रीखाली ओतला. मोटर, गाळणी आणि विजेची जोडणी मात्र दादानं स्वतः केली नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की चुकीला माफी नसते. परवानाधारक वायरमननं अर्थिंग केलं आणि विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला, तेव्हाच तिसरा रकाना संपला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. पाणी गाळून, औषध घालून स्वच्छ केलेलं. पाहुणे नसले की शनिवारी दुपारी एक तास वाडीतली मुलं तिथं पोहायला येतात, आणि काठावर कायम एक मोठं माणूस बसतं. पहिल्या दिवशी होडीवाल्या काकांना नारळ फोडायला बोलावलं होतं. ते काठावरून पाण्याकडे बघत म्हणाले, “एवढ्या वर्सांत पयलीच होडी, जी तरंगली नाय म्हणून मला आनंद झाला!”

पालकांसाठी चार शब्द

घरी कोणतंही मोठं काम काढताना लेखी करार करा. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या आणि शेवटचा हप्ता काम तपासल्यावरच. जमिनीखाली किंवा भिंतीआड जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा, ती झाकण्याआधी, फोटो काढून ठेवा. पावत्या जपा. माणूस काम सोडून गेला तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते, आणि ती साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दादानंही तक्रार केली आहे आणि वहिनीच्या वहीची पानं तिथं पुरावा म्हणून कामाला आली. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पाऊस थांबत नाही, म्हणून दोन्ही कामं बरोबरीनं करायची.

करून पाहा

एक बादली, ओली होईल अशी वाळू आणि एक हलका प्लास्टिकचा डबा घ्या. डबा बादलीत ठेवून त्याच्या काठापर्यंत बाजूनं वाळू भरा. आता डब्यात नव्हे, वाळूत हळूहळू पाणी ओता. डबा रिकामा असताना काय होतं? मग डबा पाण्यानं भरून तोच प्रयोग पुन्हा करा. आता काय होतं? डब्याचं वजन आणि तळाचं क्षेत्रफळ मोजून, किती पाण्याला तो उचलला जायला हवा ते आधी काढा आणि मग पडताळून पाहा. वाळू डब्याला थोडं धरून ठेवते, म्हणून तुमचं उत्तर आणि प्रयोग यांत थोडा फरक पडेल. तो का पडला, तेही वहीत लिहा.

आमच्या वर्गानं हा प्रयोग केला. डबा पहिल्यांदा ‘टुप्’ करून वर आला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, होडी!”